सीझन पास घेऊ की नको? गोव्यातून सारखे येणारे प्रश्न

मार्च संपत आला की माझ्या फोनवर एकच प्रश्न दहा तोंडांनी येतो, वॉटर पार्कचा सीझन पास घेऊ की नको? नणंद विचारते, ऑफिसातल्या विचारतात, धाकट्याच्या क्लासच्या ग्रुपवरच्या आया विचारतात, एकदा तर सिलिंडर द्यायला आलेल्यानेही विचारलं. कारण एवढंच की यंदाच्या आधी मी दोनदा पास घेतला, एकदा वसूल झाला नि एकदा बुडाला, आणि दोन्ही वेळचा हिशेब मी वहीत लिहून ठेवलाय (नवरा अजून हसतो त्या वहीला). प्रत्येकाला तेच तेच व्हॉइस मेसेज पाठवून कंटाळले, म्हणून सगळं इथे एका जागी टाकते. जिथे 'समजा' लिहिलंय ते आकडे नुसते समजायला आहेत, त्या जागी तुमच्या पार्कचा आजचा दर घाला.

प्र. १. सीझन पास म्हणजे नेमकं काय? वार्षिक पास म्हणतात तो हाच का?

एकदा पैसे भरायचे आणि मग ठरलेल्या मुदतीत कितीही वेळा जायचं, एवढं दोन्हीत सारखं. फरक मुदतीचा. सीझन पास पार्कच्या हंगामाला बांधलेला असतो, तुम्ही कधी का घेईना, हंगाम संपला की पास संपला. वार्षिक पास तुम्ही घेतल्या दिवसापासून, किंवा पहिल्यांदा वापरल्या दिवसापासून, १२ महिने चालतो. मुळात सीझनची कल्पना थंडीच्या देशांतली, इंग्लंडातला ऑल्टन टॉवर्ससारखा पार्क वसंतात उघडतो नि हिवाळ्यात राइड्स बंद ठेवतो. आपल्याकडे थंडी नाही, पाऊस आहे, त्यामुळे इथे सीझन पास, मेंबरशिप, वार्षिक पास हे शब्द कुणीही कशालाही लावतं. नाव सोडा, शेवटची तारीख वाचा. 'मार्चअखेरपर्यंत वैध' असलेला पास जानेवारीत घेतलात तर वर्षाचे पैसे देऊन तीन महिने मिळाले.

आणि एक तिसरा प्रकार असतो, पाच किंवा दहा एंट्रींचं कूपन. काउंटरवर ते आपणहून कुणी सांगत नाही. विचारा.

प्र. २. किती वेळा गेलं की पैसे वसूल?

पासची किंमत भागिले एका खेपेचं तिकीट. गणित चौथीतलं आहे पण आकडे कुठले घालायचे यातच सगळी गंमत.

समजा गेटवरचं तिकीट १,२०० रुपये, तेच दोन दिवस आधी ऑनलाइन काढलं तर १,०००, आणि पास ३,५००. जाहिरातीत लिहितात 'फक्त तीन खेपांत वसूल', कारण ते १,२०० ने भागतात. पण तुम्ही गेटवर तिकीट काढणारे आहात का? नाही ना, तुम्ही ऑनलाइनच काढणार, मग भागाकार १,००० ने, म्हणजे चौथ्या खेपेला वसूल. आता तो ३,५०० चा आकडा जीएसटी धरून आहे का बघा. पार्कच्या तिकिटांवरचा जीएसटी जानेवारी २०१८ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तरी १८ टक्के म्हणजे ३,५०० वर ६३० होतात. तिकीट टॅक्स धरून लिहिलेलं आणि पास टॅक्स सोडून, असा प्रकार असेल तर पास पडला ४,१३० ला, आणि चार खेपांतही वसूल होत नाही, पाचवी लागते. तीनाचे पाच झाले बघता बघता.

प्र. ३. मग पाच वेळा जाणार असू तर डोळे झाकून घ्यायचा ना?

नाही, आणि मी फसले ती इथेच.

पाचवी खेप तुम्हाला पहिल्या खेपेइतकी प्यारी नसते. माझ्या वहीतलं सांगते. पहिल्या खेपेला आम्ही साडेदहाला आत, संध्याकाळी शिट्टी मारून बाहेर काढेपर्यंत पोरं पाण्यात. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा तीनलाच निघालो. चौथ्या वेळी मोठा म्हणाला, परत तिथेच? पाचव्या वेळी आम्ही गेलो ते केवळ पास आहे म्हणून, आणि धाकटा लेझी रिव्हरमध्ये टायरवर झोपला.

म्हणून प्रत्येक खेपेपुढे स्वतःला विचारून एक आकडा लिहा: पास नसता तर या खेपेला मी किती रुपये काढून दिले असते? माझ्या घराचा आकडा, माणशी, पहिल्याला १,०००, दुसऱ्याला ८००, मग ५००, ३००, २००. बेरीज २,८००. पास ३,५०० चा. पाच वेळा जाऊनही ७०० नी बुडाला, आणि तिकिटाच्या भावाने हिशेब केला तर कागदावर १,५०० वाचलेले दिसतात.

काही पोरांचा आकडा खाली येत नाही, हेही खरं. माझ्या भाचीला तीच एक स्लाइड चाळीस वेळा दिली तरी एक्केचाळिसाव्यांदा पळत जाते. असं मूल घरात असेल तर ही बेरीज वेगळी येईल.

प्र. ४. आम्हाला वाटतंय महिन्याला एकदा तरी होईलच. धरून चालू का?

वाटतंय त्याचं अर्धं धरा. हे माझं नाही, सगळ्यांचंच होतं. अमेरिकेत स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके मालमेंडियर या दोघांनी जिमच्या मेंबरांचा अभ्यास करून २००६ मध्ये छापला होता. महिन्याला ७० डॉलरच्या वर भरणारे लोक महिन्याला सरासरी चारेक वेळाच जात होते, म्हणजे एका खेपेला १७ डॉलरच्या वर पडत होते, आणि त्याच जिममध्ये दहा खेपांचा पास घेतला असता तर एक खेप १० डॉलरला पडली असती. म्हणजे प्र. १ मधलं ते कूपन.

अंदाज करायचाच तर पुढचं वर्ष डोळ्यापुढे आणू नका, मागचं आणा. फोनची गॅलरी उघडा आणि मागच्या वर्षी पार्कमध्ये, नदीवर, बीचवर, पूर्ण दिवस बाहेर असे किती रविवार गेले ते मोजा. मग आपलं गोव्याचं कॅलेंडर घ्या. जून ते सप्टेंबर पाऊस. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचे पंधरा दिवस साफसफाई आणि गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, नंतरचे पाच-सात दिवस पाहुणे. डिसेंबरात पर्यटकांची गर्दी, किनारपट्टीच्या रस्त्याला लागलात की गाडी मुंगीच्या पावलाने. फेब्रुवारी-मार्च परीक्षा, त्यातच शिगमो. २०२५ पासून सहावीपासून वरच्या वर्गांची शाळा एप्रिलातच सुरू व्हायला लागली, म्हणजे एप्रिलही पूर्वीसारखा मोकळा नाही. राहिला मे, आणि मेमध्ये लग्नं.

हे सगळं काढून माझ्याकडे ऑक्टोबर ते मे मिळून अकरा रविवार उरले. त्यातले तीन सासूबाईंच्या डॉक्टरचे नि एक कुळाराचा, म्हणजे माहेरचा.

प्र. ५. समुद्र फुकट असताना वॉटर पार्कला पैसे घालायचे कशाला?

हा प्रश्न नेहमी पुरुष विचारतात, का कुणास ठाऊक.

दोन्ही वेगळं आहे. समुद्रावर चार वर्षांच्या पोराला घेऊन गेलं की तुमची नजर त्याच्यावरून हलत नाही, मिरामारला वाळूत बसलेली आई कधी आरामात बसलेली बघितलीय का? पार्कात पाणी गुडघ्याएवढं, लाइफगार्ड चार हातांवर, बाथरूम आहे, अंगाला मीठ नाही. आणि जूनपासून समुद्रात उतरायचं नसतंच, लाल बावटे लागतात.

पण पासच्या हिशेबात समुद्राला जागा द्यायलाच हवी. बेळगावात राहणाऱ्याला पाण्यात जायचं तर पार्क हाच मार्ग. तुमच्याकडे अर्ध्या तासावर फुकटचं पाणी आहे, त्यामुळे पार्कची चौथी-पाचवी खेप तुमच्यासाठी अजूनच स्वस्त किमतीची होते (प्र. ३ मधले आकडे बघा). आमच्याकडे बेळगावची भावंडं आली की ती समुद्र समुद्र करतात आणि आमची पोरं स्लाइड स्लाइड.

प्र. ६. पास काढला की मग जाणं फुकटच ना?

फुकट फक्त गेट.

मी फोंड्याची. हणजूणच्या स्प्लॅशडाऊनला जायचं तर जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर होतात, सातेक लिटर पेट्रोल. वर पार्किंग, लॉकर, खाणं. चार माणसांचं धरा समजा पेट्रोल ७००, खाणं १,२००, लॉकर वगैरे २००, झाले २,१००, आणि हे प्रत्येक खेपेला, पास असो नसो. सहा खेपा म्हणजे १२,६००, जे पास घेताना कुणीच मोजत नाही. उलट पास असल्यामुळे तुम्ही जास्त वेळा जाता आणि हा खर्च जास्त वेळा करता. पार्कवाल्याला ते बरोबर माहीत असतं, त्याची कमाई आतल्या भेळपुरीतही आहे.

बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. पहिल्या वर्षी मी पहाटे उठून पोळे केले, वाटाण्याची भाजी केली, पाव घेतले, स्टीलचा डबा टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवला. गेटवरच्या बाईने बॅगेत हात घातला, थेट तळाशी, डबा वर काढला आणि हलवून बघितला. मग आम्ही सगळे परत पार्किंगमध्ये, गाडीची डिकी उघडून उभ्याने सकाळी दहाला दुपारचं जेवलो. सासूबाईंनी भाजी पुरती संपवली, वाया जायला नको म्हणून, आणि मग दिवसभर राइडवर बसल्या नाहीत.

एक खर्च मात्र एकदाच करण्यासारखा, कपडे. स्लाइडवर सुती कपडे चालत नाहीत, सुती कापड पाणी पिऊन जड होतं, घसरत नाही, आणि त्याचे धागे फिल्टरमध्ये जातात. आत भाड्याने घेण्यापेक्षा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नायलॉनचे घेऊन ठेवा.

प्र. ७. घरातल्या सगळ्यांचा काढायचा का?

फॅमिली पॅकची जाहिरात चार हसऱ्या चेहऱ्यांची असते. तुमच्या घरातले चार कोण ते बघा. आमच्याकडे खरे पाण्यात उतरणारे दोन, पोरं. मी अर्धा दिवस चपला नि चष्मे सांभाळते. नवरा एक स्लाइड करतो, मग कंबर धरून बसतो.

पोरांचे पास, आणि मोठ्यांपैकी जो खरोखर प्रत्येक वेळी नेणार त्या एकाचा, एवढं पुरे होतं. दुसरा मोठा आला त्या दिवशी त्याचं तिकीट. काही पार्कांत राइड न करणाऱ्यांसाठी स्वस्त एंट्री असते, आजी-आजोबांसाठी ती विचारा.

प्र. ८. मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला सगळ्या राइड्स मिळतील ना?

वय कुणी विचारत नाही, उंची बघतात. घरी अनवाणी उभा करून मोजा, शाळेच्या बुटांत नाही.

आमचा धाकटा त्या वर्षी घरी ११८ भरला होता आणि मोठ्या स्लाइडची अट होती १२०. मला वाटलं दोन सेंटिमीटरसाठी कोण अडवतंय. जिन्याच्या वर हत्तीचं चित्र असलेली पाटी, सोंडेच्या टोकाला लाल रेघ. पोरगा जाऊन उभा राहिला आणि मान ताणून हळूच चवडे वर केले. तिथला पोरगा खाली वाकला, त्याच्या टाचांखालून दोन बोटं घालून बघितली आणि म्हणाला, "बाबा, सारको उबो राव." टाचा खाली. ओल्या केसांचं टोक रेघेला लागत होतं, डोकं नाही. तो हसला पण सोडलं नाही, आणि बरोबरच केलं त्याने, उंचीची अट सीटच्या पट्ट्यासाठी नि पाण्यात उतरल्यावरच्या खोलीसाठी असते, उगाच नसते. पण परत खाली उतरताना ते एकसष्ट पायऱ्यांचं रडणं मी ऐकलंय.

या वयात मुलं वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. ११६ चं मूल एप्रिलात असेल तर १२० व्हायला डिसेंबर-जानेवारी उजाडेल, तोवर मे गेलेला. अशा मुलाचा पास एक वर्ष थांबून घ्या. उलटंही आहे, मुलांचा दर बऱ्याच पार्कांत उंचीवरच असतो, त्यामुळे मूल मोठ्यांच्या दराच्या रेघेला टेकायच्या आत पास काढला तर साधारणपणे मुदतभर तोच चालतो. काउंटरवर एकदा विचारून बिलावर लिहून घ्या.

प्र. ९. 'अटी लागू' मध्ये नेमकं काय वाचायचं?

बंद दिवस. स्वस्त पासवर शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवं वर्ष, कधी पूर्ण मे महिना चालत नाही. ही यादी आणि तुमची प्र. ४ मधली मोकळ्या रविवारांची यादी शेजारी ठेवा. माझ्या ओळखीतल्या एकीचे अकराचे दोन राहिले. ज्यांची सुट्टी आठवड्याच्या मधेच असते, हॉटेलवाले, शिफ्टवाले, त्यांच्यासाठी मात्र वीकडे पास झकास, स्वस्त नि गर्दी नाही, फक्त पोरांच्या शाळेचं काय ते बघा.

प्र. १०. पावसाळ्यात पार्क चालू असतो? पास वाया जाणार नाही ना?

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो नि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, तेव्हा जून-सप्टेंबर शून्यच धरा, पार्क उघडा असो वा बंद. भिजायलाच तर जातो, पावसाने काय होतं, असं म्हणणाऱ्यांनी ओल्या अंगाने वारा खात तासभर शेडखाली उभं राहून बघावं.

खरा त्रास मेच्या शेवटी होतो. दुपारपर्यंत ऊन, चारला गडगडाट, आणि वीज चमकायला लागली की उंच स्लाइड नि पूल लगेच रिकामे करतात. तिकीटवाल्याचा दिवस बुडतो, पासवाल्याची फक्त खेप, हा पासचा एक खरा फायदा. पण पेट्रोल गेलंच.

प्र. ११. माझा पास बहिणीला वापरायला देता येईल?

नाही. नाव, फोटो, कुठे अंगठा, कुठे बँड. माझ्या पासवरचा फोटो काउंटरवर पाण्यातून बाहेर आल्यावर काढलेला, केस चिकटलेले, डोळे लाल, मीच मला ओळखत नाही, तरी गेटवरचा माणूस दर वेळी तो डोळ्याजवळ धरून माझ्याकडे बघायचा. जावेने एकदा प्रयत्न केला, पास जप्त झाला. बहीण येणार असेल त्या दिवशी पासधारकाच्या पाहुण्याला सूट आहे का ते विचारा, बऱ्याचदा असते आणि वापरायची राहून जाते.

प्र. १२. इमॅजिका किंवा वंडरलाचा वार्षिक पास गोव्यात बसून घेण्यात अर्थ आहे का?

जवळपास नाहीच. इमॅजिका खोपोलीजवळ, २०१३ ला सुरू झाला. बंगळूरचा वंडरला बिडदीजवळ म्हैसूर रस्त्यावर, २००५ पासून. दोन्ही आपल्यापासून रात्रभराच्या प्रवासावर. २०२३ च्या जूनपासून मडगावहून मुंबईची वंदे भारत आहे, पनवेलला उतरून पुढे खोपोली गाठता येतं, पण चार जणांचं जायचं-यायचं भाडं, एक रात्र हॉटेल, यापुढे पार्कचं तिकीट हा किरकोळ खर्च वाटायला लागतो. जो खर्च मुळातच किरकोळ आहे तो वाचवायला पास कशाला? तिथे दोन दिवसांचं तिकीट मिळतं का बघा, एक दिवस राइड्स, एक दिवस वॉटर पार्क, आणि परत या.

अपवाद एक. मुलगी पुण्याला किंवा बंगळूरला शिकायला असेल, तिचा मित्रमैत्रिणींचा गट असेल, तर तिच्या एकटीचा पास. तुमचा नाही. तुम्ही तिला भेटायला जाता तेव्हा ती तुम्हाला पार्कात नेत नाही, भांडी घासायला लावते.

प्र. १३. दीर इंग्लंडात स्विंडनला आहे, तो म्हणतो मर्लिन पास काढतो, तुम्ही या. काढू दे का?

गोव्यात हा प्रश्न येणारच. मर्लिन ही कंपनी, तिच्या एका पासवर ऑल्टन टॉवर्स, थॉर्प पार्क, चेसिंग्टन, विंडसरचा लेगोलँड अशी बरीच ठिकाणं होतात. तिथे राहणाऱ्याला पोरं लहान असतील तर तो लवकर वसूल होतो, कारण तिथली एकेक तिकिटं महाग. तुम्ही तीन आठवड्यांसाठी जाणार असाल तर आधी ठिकाणं मोजा, तीनच्या वर खरंच होतील का, आणि पासचा दर्जा बघा, खालच्या दर्जाच्या पासवर शाळेच्या सुट्टीतले बरेच दिवस बंद असतात आणि तुम्ही जाणार नेमके सुट्टीत. हिवाळ्यात जाणार असाल तर विषयच नको, प्र. १ बघा.

गल्फवाल्यांचं उलटं. दुबईचं ग्लोबल व्हिलेज साधारण ऑक्टोबर ते मे चालतं नि उन्हाळ्यात बंद, अबू धाबीच्या यास बेटावरचं फेरारी वर्ल्ड छताखाली, एसीत, म्हणून ते उन्हाळ्यातही. भाऊ तिथे असेल आणि तुमची पोरं मेच्या सुट्टीत जाणार असतील तर छताखालचंच बघा.

प्र. १४. आधी एकदा तिकीट काढून जाऊ, आवडलं तर पास, असं करता येतं?

सगळ्यात शहाणं हेच. बऱ्याच पार्कांत त्या दिवसाचं तिकीट त्याच दिवशी पासमध्ये वळवून देतात, फरक भरायचा. अट एकच, बाहेर पडायच्या आत. सकाळी आत जाताना विचारून ठेवा आणि निर्णय संध्याकाळी चारला घ्या, पोरं थकलेली, तुमची मान उन्हाने भाजलेली, खिशातून किती गेले ते डोळ्यासमोर. त्या वेळीही 'परत येऊ या' असं तोंडातून निघत असेल तर काढा. सकाळी दहाला गेटसमोर संगीत चालू असताना कुणीही हो म्हणतं.

प्र. १५. अर्ध्या किमतीत ऑफर आलीय, आता नाही घेतला तर जाईल. घेऊ?

१९८५ मध्ये आर्क्स आणि ब्लूमर या दोन संशोधकांनी ओहायो विद्यापीठाच्या नाटकांच्या सीझन तिकिटांवर एक प्रयोग छापला. काहींना पूर्ण १५ डॉलरला तिकीट दिलं, काहींना सूट दिली, २ किंवा ७ डॉलरची. पूर्ण पैसे भरलेले लोक हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात जास्त नाटकांना गेले. दुसऱ्या अर्ध्यात फरक उरला नाही, पैसे दिल्याची खंत सगळ्यांची विरली होती.

माझ्या वहीतही तेच. पूर्ण किमतीचा पास घेतला त्या वर्षी आम्ही पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा गेलो, तिकिटाच्या भावाने वसूल झाला. पुढच्या वर्षी ऑफरमध्ये स्वस्तात मिळाला, आणि स्वस्तात मिळाला म्हणून पुढच्या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ करत तीन खेपा झाल्या. ऑफर असली तरी प्र. ३ ची बेरीज करा. बेरीज ऑफरच्या किमतीच्या वर गेली तर घ्या.

प्र. १६. पास घेतल्यावर मुख्य स्लाइडच महिनाभर बंद ठेवली. पैसे परत मिळतात का?

माझ्या बुडालेल्या वर्षी हेच झालं, पूर्ण मे महिना दोरी बांधून 'देखभाल चालू' अशी पाटी. पार्कचं नाव घेत नाही. काउंटरवर म्हणाले पास नॉन-रिफंडेबल आहे, मी पाटीचा तारखेसकट फोटो काढला, लेखी मेल पाठवला, शेवटी दोन महिन्यांची मुदतवाढ मिळाली. जून आणि जुलै.

एखादी राइड बंद झाली म्हणून पूर्ण पैसे मिळायची आशा कमी. पण पार्कच बंद ठेवला, किंवा जे सांगून विकलं तेच मिळालं नाही, तर 'नॉन-रिफंडेबल' लिहिलं म्हणून तुमचा हक्क संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये एकतर्फी करारांना आव्हान देता येतं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, तिथेच बरंच मिटतं. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. बिल, अटींचा स्क्रीनशॉट आणि फोटो, हे तीन घेतल्या दिवसापासून एका फोल्डरमध्ये टाका, कारण साइटवरच्या अटी बदलतात.

प्र. १७. महिन्याच्या हप्त्याने पास घेतला, आता तो आपोआप रिन्यू होतोय.

ऑटो-डेबिटला तुम्ही कधीतरी हो म्हटलंय. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की असं डेबिट व्हायच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायला हवं, आणि त्यात रद्द करायची सोय असते. तो एसएमएस आपण जाहिरात समजून पुसतो. पार्कला फोन करत बसू नका, बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये मँडेट (पैसे कापायला दिलेली परवानगी) शोधून बंद करा, मग पार्कला कळवा. आधी अट वाचा मात्र, १२ हप्ते बांधील असतील तर मधेच थांबवता येणार नाही.

प्र. १८. आमचा पास अजून दोन महिने आहे, दोनदाच गेलो. आता ओढून-ताणून जावं का?

पासचे पैसे गेले, ते आता हिशेबात धरूच नका. प्रश्न एवढाच, या रविवारी प्र. ६ मधले २,१०० खर्चून तिथे जाण्याइतकी हौस आहे का? असेल तर जा. पोरं म्हणत असतील की नको, तर बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात जा, माकडं बघा, डबाही न्या (गुरुवारी बंद असतं).

प्र. १९. तू यंदा घेतलास का?

घेतला, धाकट्याचा एकट्याचा. मोठा दहावीला, त्याला आता आमच्याबरोबर कुठेच यायचं नसतं. धाकटा १२३ झालाय, स्वयंपाकघराच्या दारावर पेन्सिलीची रेघ आहे आणि पास काढायच्या आधी त्याने ती मला तीनदा दाखवली. पहिल्या दिवशी त्या हत्तीसमोर जाऊन टाचा टेकवून, हात सरळ खाली सोडून उभा राहिला, कुणी बोलावलंही नव्हतं. माझं तिकीट, त्याचा पास, बसने जातो, कदंबाने पणजी आणि तिथून दुसरी. आतापर्यंत तीन खेपा झाल्यात.